व्हर्नाआक्काच्या चॅपलचं नाक

सत्त्याऐंशी सालच्या जूनमध्ये एक म्हातारी आमच्या युनिव्हर्सिटीच्या तळघरात उतरली आणि तिनं पावाच्या रिकाम्या पिशवीतून एक मातकट खडा काढून माझ्यापुढच्या टेबलावर ठेवला.

"ह्यात काय हाय त्ये सांग."

आता ही म्हातारी पेनसिल्व्हेनियातली. तिच्या सात पिढ्या अमेरिकेत गेलेल्या, तिला मराठीचा म कुठून येणार? बोलली ती इंग्रजीतच. पण तिचं इंग्रजी टीव्हीवरच्या बातम्यांचं नव्हतं. डोंगरापलीकडच्या शेतकऱ्यांचं, गोठ्यातून थेट उठून आलेलं होतं. स्टेट कॉलेज ह्या आमच्या युनिव्हर्सिटीच्या गावातली शिकली-सवरली माणसं त्या बोलीला हसायची. मला मात्र ती पहिल्या वाक्याला कळली; प्रोफेसरांचं इंग्रजी कळायला दोन वर्षं गेली होती. म्हणून तिचं बोलणं मी आमच्या माणदेशी बोलीतच सांगणार. पुस्तकी मराठीत बसवली तर ती अंग चोरून बसेल, आणि ती बाई आयुष्यात कधी अंग चोरून बसली नाही.

प्रोफेसर मंडळी सुट्टीवर होती. लॅबमध्ये मी एकटा, काँक्रीटचे ठोकळे यंत्रात दाबून फोडत बसलेलो. खडा उचलला, नखानं खरवडला आणि जिभेला लावला. आमच्याकडं माती, चुना, खत, सगळ्याची पहिली परीक्षा जिभेवर होते. खताची कशी, ते विचारू नये.

"चुना आहे," मी म्हणालो. "आणि ओढ्याची वाळू. सिमेंट औषधालाही नाही."

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ह्या बिल्डिंगीत चार मानसं भेटली. एकानं फारम दिला, एकानं पुढच्या म्हयन्याची तारीख दिली, दोघांनी दुसऱ्याकडं धाडलं. चाटून बगणारा तू पयला."

बास. एवढी स्तुती माझ्यासारख्या माणसाला पुरते. तिथून पुढं जे जे झालं ते ह्या एका वाक्यामुळं झालं. नाहीतर मी खडा परत देऊन गप राहिलो असतो आणि दोन महिने कमी घाण झाली असती.

तिचं नाव व्हर्ना बायर्ली. वय एकाहत्तर. पायात नवऱ्याचे बूट, अंगात फुलाफुलांचा झगा आणि त्यावर पुरुषी कोट. कमरेला गवताचे भारे बांधायची सुतळी, आणि त्या सुतळीत पाच किल्ल्या. हर्शडेल नावाच्या खोऱ्यातल्या पाच चर्चांची झाडलोट, घंटा, दिवे, चुली आणि कुलपं तिच्याकडं होती. नवरा लेस्टर ट्रॅक्टर उलटून गेलेला. पोरंबाळं नाहीत. "अठरा गाई हुत्या की," ती म्हणायची, "पोरं कवा काडायची?"

देवळाची चाकरी तिच्या सासऱ्याची. तो सेहेचाळीस साली मेला, आणि चर्चच्या पंचांनी ठराव केला की पुरुषमाणूस सापडेपर्यंत सुनेनं बघावं.

"एक्केचाळीस वर्सं झाली," ती म्हणाली. "आजून हुडकत्यात."

तिला व्हर्ना अशी एकेरी हाक मारायला माझी जीभ वळेना. मिसेस बायर्ली म्हटलं की ती मागं वळून सासूला शोधायची. शेवटी मी आक्का म्हणालो. अर्थ विचारला, तो सांगितला, थोरली बहीण. एकाहत्तराव्या वर्षी सव्वीस वर्षांचा काळा भाऊ मिळाला म्हणून ती दात नसलेल्या बाजूनं हसली. माझ्या राजाराम ह्या नावातला 'राजा' एवढाच तिच्या तोंडात मावला.

पुढच्या रविवारी माझ्या खोलीतला सोबती उल्हास मला त्याच्या गंजक्या गाडीतून हर्शडेलला घेऊन गेला. उल्हास नागपूरचा, कॉम्प्युटर शिकणारा. गाडी त्याची, पेट्रोल माझं, आणि दोघांचे तोंडचे पट्टे सामायिक.

हर्शडेल म्हणजे दोन लांबलचक डोंगरांच्या मधली चिंचोळी पट्टी. दोनशे वर्षांपूर्वी आल्प्समधल्या कुठल्याशा खोऱ्यातून दहा-बारा घरं उठून इथं आली. हे डोंगर बघून त्यांना गाव आठवलं म्हणे. आल्प्स मी पोस्टकार्डावर बघितलेत. त्यांच्यापुढं हे डोंगर म्हणजे आमच्या म्हसवडचा माळ. पण परमुलखात गेलेल्या माणसाला कशातही गाव दिसतं. मला स्वतःला स्टेट कॉलेजच्या पार्किंग लॉटमध्ये आमचं खळं दिसायचं.

माणसं आली आणि धड घरं बांधायच्या आधी देवावरून भांडली. म्हणून चारशे वस्तीला पाच देवळं. मधलं दगडी चर्च लुथरन आणि रिफॉर्म्ड अशा दोन पंथांचं सामायिक. एका रविवारी ह्यांचा देव, पुढच्या रविवारी त्यांचा. विहिरीवर भावकीची पाळी असते, हुबेहूब तसं. दोन्हीकडच्यांना खपेल असं निशाण सापडेना, म्हणून शिखरावर पत्र्याचा कोंबडा बसवलेला. खालच्या अंगाला विटांचं मेथडिस्टांचं. त्याच्या पलीकडं लोखंडाच्या भट्टीवरल्या मजुरांसाठी मालकानं बांधलेलं बुटकं चॅपल. भट्टी गेली, मालक गेला, चॅपल राहिलं. चौथं लाकडी, पांढरं, त्यात आता बटाट्याची पोती.

"देव गेला का मग इथला?" उल्हासनं विचारलं.

"जातुय कुठं? हाय की," आक्का म्हणाली. "बटाट्याच्या मागं."

आणि पाचवं वरचं चॅपल. सगळ्यात जुनं, मेंढरांच्या वाड्याएवढं. हातभर जाडीच्या भिंती, खिडक्या म्हणजे भोकं, वर खडं छप्पर. ह्या चॅपलला नाक होतं.

नाक म्हणजे असं, की डोंगराकडची मागची भिंत सरळ नव्हती. होडीच्या टोकासारखी तिकोनी होऊन पुढं आलेली, भरीव दगडी. आल्प्समध्ये डोंगरावरून बर्फाचे कडे सुटतात. तिकडं देवळाला मागून असं टोक काढतात, म्हणजे येणारं बर्फ दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जातं. ह्या लोकांनी इथं आल्यावर सवयीनं तेच बांधलं. पेनसिल्व्हेनियाच्या त्या टेकाडावरून दोनशे वर्षांत बर्फाची चिपटीसुद्धा घसरलेली नाही. तरी नाक आपलं डोंगराकडं रोखून उभं.

ते नाक फुटायला आलं होतं; लॅबमध्ये आणलेला तो खडा ह्याच्यातलाच. कुणी शहाण्यानं वीस वर्षांपूर्वी त्याच्या दगडांमधल्या दरजा सिमेंटनं लिंपल्या होत्या. सिमेंट पाणी आत घेतं पण बाहेर सोडत नाही, हिवाळ्यात ते पाणी गोठतं आणि दगडाची पापडी सुटते. आता विम्याच्या कंपनीचं पत्र आलं होतं: ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी आमचा माणूस येईल. मागचा भाग धड दिसला नाही, तर चॅपलला कायमचं कुलूप. पंचांनी मान डोलावली होती. वर्षातून एकदा, ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी तिथं प्रार्थना होई. तेवढ्यासाठी कोण जीव काढणार?

"कुलूप लागलं म्हंजी पडणार," आक्का म्हणाली. "घर काय आन् देऊळ काय, झाडू थांबला की पडतंय. मी हाय तवर न्हाय पडू द्यायची. मी गेल्यावर खुशाल पडा."

रडणं नाही, कढ नाही. गाईच्या थानाला काय झालंय ते सांगावं, तसं सांगितलं.

अशा वेळी शहाण्या माणसानं कुणा जुन्या गवंड्याचा पत्ता शोधावा. मी काय केलं? मी नाकाच्या दगडावर हात ठेवला, डोळे बारीक केले आणि म्हणालो, "आक्का, आमच्या गावाकडं चुन्याच्या भिंती तीन-तीनशे वर्षं उभ्या आहेत. आम्ही चुन्यात गूळ घालतो."

"गूळ म्हंजी?"

"उसाचा रस आटवून केलेली ढेप. गोड."

"भितीत?"

"भिंतीत."

"आन् मुंग्या?"

"मुंग्या येत नाहीत," मी म्हणालो. हे मला अजिबात ठाऊक नव्हतं.

आता माझं ह्या विद्येतलं शिक्षण सांगतो. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी थापी धरलेली नाही. एकदा इंजिनिअरिंगच्या सुट्टीत मी गावी गेलो, तेव्हा मारुतीच्या ओट्याचं काम चाललं होतं. विष्णूअण्णा गवंडी चुन्याच्या घाणीला रेडा जुंपून चुना मळत होता. मी दोन दुपारी लिंबाखाली बसून ते बघितलं. पैकी एका दुपारी मला झोप लागली. अण्णानं मडक्यातलं गुळाचं पाणी ओतताना बघितलं, किती ओतलं ते नाही. एवढी पुंजी. तिच्यावर मी दोनशे वर्षांचं देऊळ अंगावर घेतलं.

विष्णूअण्णाला पत्र टाकलं, प्रमाण विचारलं. पण पत्र जायला बारा दिवस, यायला बारा, आणि अण्णाला लिहिता येत नसल्यामुळं मधे मास्तर गाठून बसवायला किती, ते मारुतीला ठाऊक. तेवढी वाट बघणारा मी नव्हतो. "अदमास आहे मला," मी आक्काला सांगितलं.

जुलैत उल्हास आणि मी चार तास गाडी हाणत एडिसन ह्या आपल्या लोकांनी भरलेल्या गावी गेलो. ओक ट्री रोडवरच्या एका दुकानात जेवढा गूळ होता तेवढा उचलला. किलोकिलोच्या बावीस भेल्या. गुजराती दुकानदार खूश.

"घर में शादी है?"

"नाही," मी म्हणालो, "चर्च आहे."

चुन्यात हिरडाही घालतात, असं माझ्या कानावर होतं. हिरडा मागितला, तो नव्हता. त्यानं मान खाजवली आणि कपाटातून त्रिफळा चूर्णाचे तीन डबे काढले. त्यात हिरडा असतोच. मी तेही घेतले.

"अबे," गाडीत उल्हास म्हणाला, "भिंत उभी राहील का नाही मला माहीत नाही, पण चर्चचं पोट साफ होऊन राहील सकाळी सकाळी."

ऑगस्टचा पहिला आठवडाभर आम्ही दरजा खरवडल्या, सिमेंटचे टवके काढले. इथवर काम चोख झालं, कारण ते आक्का सांगेल तसं झालं. मग मिश्रण आलं. शेतीच्या दुकानातून चुन्याची पोती आणली. गूळ पिंपात भिजवला. हिरडा जरा कमी वाटला म्हणून गूळ वाढवला. विष्णूअण्णा घाणीला रेडा दिवसभर फिरवायचा. आम्हाला रेडा नव्हता, म्हणून मिश्रण फावड्यानं अर्धा तास हलवलं, आणि तेवढ्यासाठी गूळ अजून थोडा वाढवला. शेवटी माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. गावावर माझा विश्वास होता; पण पुरता नव्हता. म्हणून हात राखून एक पोतं सिमेंट वरून ओतलं.

दरजा भरल्या. नाक तुळतुळीत, रंग गुळाच्या चहासारखा. मी कमरेवर हात ठेवून फोटो काढून घेतला. तो फोटो आईला पाठवला, आणि तो तिनं गावभर दाखवला. त्याचं आता काही करता येत नाही.

आठ दिवसांनी आक्काचा लॅबमध्ये फोन.

"राजा, तुज्या गावात भिती वाळायला किती दिस लागत्यात?"

"का हो आक्का?"

"बोट घातलं तर जातंय. शिऱ्यात गेल्यागत." मग म्हणाली, "आन् हरणं येत्यात."

आम्ही संध्याकाळी पोचलो. नाकाला तीन हरणी लागल्या होत्या, शांतपणे, वासरं गाईला लागतात तशा. आम्हाला बघून त्यांनी मानासुद्धा वळवल्या नाहीत. त्यांच्या डोक्यावर गांधीलमाश्यांचा ढग. पायथ्याशी मुंग्यांची पंगत बसलेली. डाव्या अंगाला मात्र खालपासून पुरुषभर उंचीपर्यंत सगळ्या दरजा उकरलेल्या, चार-चार रेघा.

"हे काय?" उल्हासनं विचारलं.

"अस्वल," आक्का म्हणाली. तिच्या गालावर गांधीलमाशी चावून आलेलं टेंगूळ होतं. "दोनदा यिऊन गेलं. दुसऱ्या खेपंला पोरगं घिऊन आलं."

उल्हास गाडीत जाऊन काचा वर करून बसला. हसत होता का भीत होता, ते बाहेरून कळेना.

मी मातीत बसलो. आक्कानं उपडी बादली ओढली आणि माझ्यापुढं बसली.

"तू शिकतुयास काय, त्येवडं मला सांग. नीट सांग."

"काँक्रीट."

"काँक्रीटचं काय?"

"काँक्रीट आवळतं कसं, घट्ट कसं होतं, ते."

"मंग?"

"म्हणजे... घट्ट व्हायला उशीर कशानं लागतो, ते. माझा प्रबंध त्यावर आहे."

"कशानं लागतुय उशीर?"

हरणी चाटत होत्या. मी खाली बघितलं.

"साखरेनं," मी म्हणालो.

  सिमेंटमध्ये मूठभर साखर पडली तर ते आवळायचं विसरतं, हे माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर होतं. तीन वर्षं मी हेच चमच्याचमच्यानं मोजत होतो. आणि इथं सबंध बावीस किलो. शहाणपणाचे दोन डोह होते माझ्याजवळ, एक गावचा, एक युनिव्हर्सिटीचा. मी दोन्हींचं पाणी एका घागरीत भरलं आणि घागर फोडली.

"बरं," शेवटी आक्का म्हणाली, "जनावरांचं तरी प्वाट भरलं."

त्याच आठवड्यात विष्णूअण्णाचं उत्तर आलं. मास्तरांच्या वळणदार अक्षरात अण्णाचा आवाज: "चि. राजाराम यास आशीर्वाद. गूळ नावाला. घमेल्याला सुपारीएवढा, त्यो बी नसला तर आडत न्हाय. समद्यात म्होरं चुना मुरलेला पायजे, त्यो जितका म्हातारा तितका ग्वाड. सिमिट आसंल तितं गूळ बिलकूल नगं, ह्ये तू शिकलाईस तवा तुला ठावं आसंलच. भित भिजती ठेव. घाई आसंल त्येनं भित बांदू न्हाई, मांडव घालावा."

मी ते पत्र आक्कापुढं बसून इंग्रजीत वाचून दाखवलं. 'ठावं आसंलच' ह्या ठिकाणी जरा भरभर वाचलं. ती एका ओळीशी थांबली.

"म्हातारा चुना म्हंजी? पान्याखाली ठेवल्याला?"

"हो. वर्षानुवर्षं भिजत ठेवतात. तो इथं कुठं मिळणार?"

ती उठली, सुतळीतली किल्ली काढली आणि मला मधल्या चर्चच्या तळघरात घेऊन गेली. कोपऱ्यात ओकच्या लाकडाची दोन पिंपं. झाकण उघडलं. वर वीतभर पाणी, खाली लोण्यासारखा पांढरा चुना. खोऱ्यातल्या बायका दर वसंतात पाचही देवळं आतून चुन्यानं पांढरी करायच्या. पिंप कधी रिकामं करायचं नाही, वरून भर घालत राहायची, अशी रीत. तळाचा चुना आक्काच्या सासूच्या सासूनं घातलेला.

मी बोट बुडवलं. जिभेला लावलं. आणि मग मला राग आला. माणूस स्वतः चुकला की त्याला पहिल्यांदा दुसऱ्याचाच राग येतो.

"आक्का! हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू इचारलंस कवा? तू सांगत हुतास की."



ऑगस्ट सरत आला होता. मी लॅबमध्ये आजारी असल्याचं कळवलं, जे खोटं नव्हतं, आणि आक्काच्या घरी मुक्काम ठोकला. आधी आम्ही ती गोड घाण उपसली. ती आक्कानं लांब डोंगरात नेऊन टाकायला लावली, म्हणजे अस्वल तिकडं जाईल. गरम पाण्यानं दरजा धुतल्या. मग म्हातारा चुना आणि ओढ्याची वाळू, बाकी काही नाही. ह्या खेपेला अर्धा तास नाही. लाकडी मुसळानं मी रोज सकाळ-दुपार मिश्रण कुटायचो. सुट्टीच्या दिवशी उल्हास यायचा.

"पीएचडीवाला ना बे तू?" तो मुसळ मारता मारता म्हणायचा. "आणि मी कॉम्प्युटरवाला. आईला काय सांगू मी, अमेरिकेत काय करून राहिलो?"

"रेडा झालोय म्हणून सांग."

"एकच का, जोडी म्हण."

आक्का दरजा भरायची. बाईच्या हाताला वळण होतं; मला तिनं पहिले चार दिवस थापीला हातच लावू दिला नाही. भरलेल्या भागावर बटाट्याची ओली पोती टांगायची आणि ती वाळू द्यायची नाहीत, हे माझं काम. पाणी मारणं. गावी कुठल्याही बांधकामावर हे काम सगळ्यात बिनकामी माणसाला देतात. मी ते पाच आठवडे केलं, आणि खरं सांगायचं तर चांगलं केलं.

तिच्याकडं खाणं म्हणजे शेवया, उकडलेला बटाटा आणि डुकराच्या उरल्यासुरल्या मांसाची वडी. ती वडी मला उतरेना. एक दिवस मीच मक्याच्या पिठाची भाकरी थापली. तिनं तुकडा मोडला, सावकाश चावला.

"चांगली हाय," ती म्हणाली. "आमी गाईस्नी घालतो."

संध्याकाळी ती ओट्यावर बसून पाचही किल्ल्यांना तेल लावायची. मी एकदा विचारलं, तुमची ह्यातल्या कुठल्या देवळावर श्रद्धा? ती म्हणाली, लुथरनांच्यात जन्मले, रिफॉर्म्डांच्यात दिली, मेथडिस्टांची चूल बरी पेटते. मग वरचंच वाचवायचा एवढा हट्ट का? तिनं बराच वेळ किल्ली पुसली. "बाकीच्या चारास्नी कोन ना कोन हाय," ती म्हणाली. "बटाट्यावाल्याला बी बटाटं हायत."

ऑक्टोबरचा पहिला शनिवार उजाडला. विम्याचा माणूस आला. टाय लावलेला, हातात लोखंडी टोचणी, तोंडात गोळी. त्यानं पुढून बघितलं, आत बघितलं, मग मागं आला आणि नाकासमोर उभा राहिला.

"हे कशासाठी आहे?"

"डोंगरावरनं बर्फाचा कडा आला तर दुभंगायला," आक्का म्हणाली.

"बाई, पेनसिल्व्हेनियात बर्फाचे कडे येत नाहीत."

"दोनशे वर्सांत येक बी आला न्हाय," आक्का म्हणाली. "बगा म्हंजी, काम किती चोख हाय."

तो माणूस हसला नाही. त्याच्या कंपनीत हसायची पद्धत नसावी. त्यानं टोचणी घेतली आणि वरपासून दरजा टोचत खाली यायला लागला. वरच्या दरजा आधी भरलेल्या. टोचणी खट्ट वाजून परत यायची. मधल्या भागात जरा रुतली, थांबली.  सगळ्यात खालचे दोन थर आम्ही दहा दिवसांपूर्वी भरले होते. चुना सावकाश आवळतो. तिथं टोचणी गेली असती तर बोटभर गेली असती, हे मला ठाऊक होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात आक्काचा बूट माझ्या पायावर आला.

तो खाली वाकला. टोचली. बोटभर गेली.

"हे मऊ आहे."

मी तिच्याकडं बघितलं. आता ती काय सांगणार? थाप मारणार असं मला वाटलं. मी असतो तर मारली असती. मी तर मनात जुळवूनही ठेवली होती, तीत दोन शास्त्रीय शब्द होते.

"व्हय, मऊ हाय," आक्का म्हणाली. "धा दिसांचं हाय. वरचं पाच आठवड्यांचं हाय, ते तुमी बगितलंच. हितं बी पाच आठवडं झालं की तसंच व्हनार. पुन्यांदा या नव्हंबरात, टोचा. मी घरीच आसती. कुठं जाती?"

त्यानं वर बघितलं, खाली बघितलं. ओल्या पोत्यांकडं बघितलं, माझ्या चुन्यानं फाटलेल्या हातांकडं बघितलं. मग गाडीच्या टपावर कागद ठेवून बराच वेळ लिहिलं. चॅपल उघडं राहील. वर्षातून एकच प्रार्थना. भिंत पुरती आवळल्याची तपासणी होईपर्यंत आत एका वेळी माणसं वीस, एकही जास्त नाही.

आक्कानं कागद दोनदा वाचला, घडी करून कोटाच्या आतल्या खिशात घातला आणि त्याला कॉफी विचारली. तो नको म्हणाला. "बरं झालं," गाडी गेल्यावर ती म्हणाली, "दूध नासलं हुतं."

दुसऱ्या रविवारी लोक आले. आक्का सकाळीच झाडून, घंटा वाजवून दारात उभी. कळपातली मेंढरं वाड्यात घालताना धनगर मोजतो, तशी एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजत होती. मी आणि उल्हास मोजणीत नव्हतो, ते तिनं आदल्या दिवशीच सांगितलं होतं. पाद्री धरून अठरा झाले. एक बाई आली, एकोणीस. मग आक्का स्वतः उंबऱ्याच्या आत पाय टाकणार, तेवढ्यात खालून एक जुनी पिकअप आली आणि तिच्यातून एक म्हातारा शेतकरी दोन काठ्यांवर उतरला. चढावर त्याला पाचेक मिनिटं लागली. आक्का दारात थांबून राहिली. तो पोचल्यावर तिनं त्याच्या खांद्याला हात लावला.

"ईस," ती म्हणाली. त्याला आत घातलं, दार बाहेरून ओढून घेतलं आणि वळसा घालून आमच्याकडं नाकापाशी आली.

"आक्का, तुम्ही बाहेर?" मी म्हणालो. "तुमच्यासाठी तर—"

"ईस म्हंजी ईस. कागदावर लिवलंय." ती उपड्या बादलीवर बसली, झगा गुडघ्यावर ओढला. "एकवीस झालं आन् त्येला कुनी सांगितलं, तर नव्हंबरात टोचनी न्हाय, कुलूप घिऊन यील."

"पण आत एकाची तरी अदलाबदल—"

"आत काय चाललंय, मला पाठ हाय. आता त्यो पाद्री खोकणार."

भिंतीतून दबका आवाज येत होता. पाद्री खोकला. उल्हासनं तोंडावर हात धरला.

"आता दुसरं गानं. पयल्या कडव्याला बाया म्होरं, बापय मागं ऱ्हातील." तसंच झालं. ती ऐकत बसली, मान किंचित हलत होती. मग तिची नजर खालच्या थराकडं गेली. "राजा, पोतं वाळाय लागलंय. बसलाईस काय?"

मी बादली उचलली आणि पोत्यावर भसकन पाणी सोडलं.

"आरं, ओतू नगंस," ती म्हणाली, "शिपड. किती येळा सांगायचं?"